ताप कधीपासून?

डॉक्टर मॅडमनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "ताप कधीपासून?"

"कालपासून," मी म्हणालो.

खोटं होतं. ताप सोमवारी सकाळी आला होता आणि हा शुक्रवार होता.

"उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया आहे. आधी इन्फ्लुएन्झा झाला असणार, त्यावर हा. पण एका दिवसात इतका पसरायला नको." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला खोकल्याची उबळ आली. खोकला खराच होता, त्यामुळे पुढचा प्रश्न टळला.

इन्फ्लुएन्झा म्हणजे आपला फ्लू. सर्दीचा थोरला भाऊ समजून आपण तो अंगावर काढतो. धडधाकट माणसाचा आठवड्याभरात उतरतो. ज्याची किडनी गेली आहे, ज्याची केमो चालू आहे, जो फार म्हातारा आहे किंवा तान्हा आहे, त्याला मात्र तो कुठवर नेईल ते सांगता येत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. नकळत झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

मी नाशिकच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात डायलिसिस टेक्निशियन होतो. डायलिसिस म्हणजे निकामी किडनीचं रक्त गाळण्याचं काम मशीनकडून करून घेणं. पेशंट आठवड्यातून दोनदा येतो, चार तास पडून राहतो, आणि असं वर्षानुवर्षं चालतं. त्यामुळे आमच्याकडचे पेशंट पेशंट राहत नाहीत. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाच्या घरी गाय व्याली, सगळं आम्हाला ठाऊक असतं.

लता सायखेड्याची. घरची झेंडू-शेवंतीची शेती. नवरा निवृत्ती तिला मोटरसायकलवर घेऊन यायचा. फिस्टुलात, म्हणजे हातातली शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेत, मी सुई घालू लागलो की ती म्हणायची, "ब्रदर, हळू. नायतर दसऱ्याला फुलं इकत घ्यावी लागतील." दर दसऱ्याला मशीनवर तिच्याच शेतातले हार असायचे.

तिला तिच्या आईची किडनी जुळली होती. आई नामपूरची. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, मुंबईच्या डॉक्टरांनी तारीख दिली होती. लता माझ्या मशीनवरून सुटणार होती.

कुंभमेळा होऊन गेल्यानंतरच्या पावसाळ्याच्या तोंडावर हॉस्पिटलात मीटिंग झाली. आमच्या किडनीच्या डॉक्टर मॅडमनी नियम मांडला, की डायलिसिस युनिटमधल्या प्रत्येकानं दरवर्षी फ्लूची लस घ्यायची. जो घेणार नाही त्यानं पावसाळाभर दुसरीकडे ड्यूटी करायची.

स्टाफच्या वतीनं मी उभा राहिलो. एरवी मी फारसं बोलत नाही, त्या दिवशी बोललो. म्हणालो, आमचं अंग हे आमचं आहे. मोठे कन्सल्टंट शिंकत राउंडला येतात, त्यांना हा नियम का नाही? आम्हाला ताप आला तर भरपगारी रजा देणार का? आणि ही लस घेऊनही फ्लू होतो, हे तुम्हीच सांगता. मग सक्ती कशाला?

टाळ्या पडल्या. आमच्या युनिटमधल्या आया, कुसुम मावशी, तेवढ्या मागून म्हणाल्या, "दिवसभर दुसऱ्यांना भोसकतो आणि स्वतःची पाळी आली की कायदा बोलतो." सगळे हसले. मीही हसलो. ट्रस्टींनी सक्ती काढून 'स्वेच्छेने' असं केलं. मावशींनी लस घेतली. मी घेतली नाही. घेतली असती तर माझ्या भाषणाचं काय झालं असतं?

मॅडमनी मला बाहेर गाठलं. "रजेबद्दल तुम्ही बोललात ते खरं आहे. मग रजा मागा. लस का नाकारता?"

"मॅडम, आमचं अंग मुरलंय आता. इतकी वर्षं इथंच आहोत."

माझे मुद्दे सगळेच खोटे नव्हते. तेच मला नडलं. खऱ्या मुद्द्यांच्या आड माणूस निवांत बसतो.

त्या सोमवारी उठलो तेव्हा अंग मोडून आलं होतं. थर्मामीटर घरात होता, तो मी लावला नाही. क्रोसिन घेतली, चहा घेतला आणि ड्यूटीवर गेलो. कधी रजा घेत नाही याचा मला माज होता. आमच्याकडे ताप अंगावर काढून कामावर येणाऱ्याचं कौतुक होतं. घरी बसणारा कामचुकार ठरतो.

लता सोमवारच्या पहिल्या पाळीत होती. मला मास्क होता, पण तिला माझं बोलणं ऐकू येईना म्हणून मी तो हनुवटीखाली ओढला.

"आज लय गप गप, ब्रदर. वहिनी भांडली का?"

"तू मुंबईला निघालीस म्हणून करमत नाही."

"मग चला की. तिकडं बी सुया टोचायला माणूस लागत आसंल."

खोकला आला तेव्हा मी तोंड बाजूला फिरवलं. एवढी काळजी मी घेतली.

गुरुवारी ती आली ती धापा टाकतच. मॅडमनी तिला थेट अॅडमिट केलं. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात कोसळलो आणि वर लिहिलेलं उत्तर दिलं. लता गुरुवारी आजारी, मी 'कालपासून', म्हणजे गुरुवारपासून. ज्याला त्याला उलगडा झाला, की ब्रदरला पेशंटकडून लागण झाली.

मी दहा-बारा दिवस बेडवर होतो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हातात सलाईन. आपल्याच हॉस्पिटलात पडून राहिलं की एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. नर्स पाय न वाजवता आली की वाईट बातमी असते. छातीत कळ आली की माझ्या मनात पहिली लता यायची. ती वरच्या मजल्यावर आयसीयूत होती. विचारायला मला तोंड नव्हतं.

एका संध्याकाळी निवृत्ती आला. हातात शहाळं. स्टुलावर बसला आणि हात जोडले.

"ब्रदर, आमच्या बाईपायी तुमाला भोगावं लागलं. लय वाईट वाटतं."

मास्क काढून बोलता आलं असतं. मी मान हलवली आणि डोळे मिटले. त्याला वाटलं मला झोप आली. शहाळं उशाशी ठेवून तो गेला.

लता वाचली. पण ट्रान्सप्लांटची तारीख गेली. फुप्फुसं साफ होईपर्यंत ऑपरेशन नाही, असं मुंबईहून सांगितलं. तीन-चार महिन्यांनी आईच्या तपासण्या पुन्हा झाल्या, तेव्हा तिचं बीपी चढलेलं निघालं आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलं होतं. अशा माणसाची किडनी घेत नाहीत. निवृत्तीचा रक्तगट जुळत नव्हता. मॅडम मला म्हणाल्या, "एका परीनं आजी वाचल्या. किडनी काढली असती आणि मग बीपी निघालं असतं तर?" तेही वाक्य मी निमित्त म्हणून जपून ठेवलं. माझ्याकडे अशी निमित्तं बरीच होती. लस घेतली असती तरी ताप आला असता. तिला बाजारातून कुणाकडून लागला असेल. कोण सिद्ध करणार?

म्हातारीला मीठ बंद करायला सांगितलं होतं. बीपी उतरलं तर कदाचित घेतील किडनी, या आशेवर तिनं मीठ पार सोडलं. दर महिन्याला नामपूरहून एसटीनं यायची, दंड पुढे करायची आणि विचारायची, "उतरनं का, भाऊ?" बीपी कधी पुरेसं उतरलं नाही. "मनी किडनीच नासकी," माझीच किडनी नासकी, असं ती पॅसेजमधल्या बाकावर बसून कुणालाही सांगायची. मी आत मशीन लावत असायचो. दार उघडंच असायचं.

त्या वर्षी स्टाफच्या कार्यक्रमात रुग्णसेवेबद्दल माझा सत्कार झाला. शाल आणि नारळ. पुढच्या रांगेत लता टाळ्या वाजवत होती. नव्या पेशंटला ती माझी ओळख करून द्यायची, "माझा ताप यांनी अंगावर घेतला." मी सुई घालत असायचो. सुई एकदाही चुकली नाही, याचंच मला आता जास्त वाईट वाटतं.

चार वर्षं ती आली. पाचव्या वर्षी हृदयानं साथ सोडली.

तिचे दिवस झाल्यावर मी सायखेड्याला गेलो आणि निवृत्तीला सगळं सांगितलं. सोमवार, क्रोसिन, हनुवटीखालचा मास्क. तो शेवंतीच्या वाफ्याशी उभा होता. वाकून त्यानं एक तण उपटलं. मग विचारलं, "आता टोचून घेता का तुमी?"

"दरवर्षी."

"मग तवा का नाय?"

माझ्याकडे तेव्हाचं भाषण तेवढं होतं. तो म्हणाला, "मला नका सांगू. म्हातारीला सांगा. लेक गेली तरी ती अजून आळणी खाती."

म्हणून नामपूरला गेलो. म्हातारी ओट्यावर जेवायला बसत होती. ताटात भाकरी आणि अळणी भाजी. मला ओळखलं, बस म्हणाली. मी उभ्यानंच सांगितलं. आधी तिला कळलं नाही. परत सांगितलं, की ताप माझा होता, लताला माझ्यामुळे आला आणि ऑपरेशनची तारीख त्यामुळे गेली.

तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"म्हंजे मनी किडनी चांगली व्हती?"

"हो, आजी. त्या तारखेला चांगली होती. सगळे रिपोर्ट चांगले होते."

"चांगली व्हती," ती म्हणाली. मग आत बघून सुनेला हाक मारली, "सूनबाई, मीठ लई ये."

सून मीठ घेऊन दारात आली आणि थबकली. म्हातारीनं चिमूटभर मीठ भाजीवर घातलं, कालवलं. बीपीचं मला बोलता आलं असतं. बोललो नाही. पहिला घास तिनं सावकाश चावून गिळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जाय आते."

मी आलो.

तुमच्या घरात कुणाचं डायलिसिस चालू असेल, केमो चालू असेल, तर जो सुई घालायला येईल त्याला विचारा, लस घेतली का, अंगात ताप आहे का. त्याला राग येईल. येऊ द्या. मला कुणी विचारलं असतं तर मी बहुतेक खोटंच बोललो असतो. तरी विचारा. खोटं बोलताना तो निदान मास्क वर ओढेल.