सुरतेचा फोन आधी कोणाला

आमच्या ह्यांचं नाव तोताराम. नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, पण आता सांगायलाच बसले आहे तर घेऊन टाकते. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. माणूस सरळ. शेजाऱ्यानं बांध हातभर आत सरकवला तेव्हासुद्धा 'जाऊ दे' म्हणाले, आणि मीच घसा कोरडा करून भांडले. कोणाच्या घरावर नाही, कोणाच्या केळीवर नाही, कशावर म्हणून डोळा नाही. फक्त शालिग्रामभाऊजींचा फोन. त्याचं नाव निघालं की अंगाचा तिळपापड!

शालिग्राम हे ह्यांचे चुलतभाऊ, वयानं लहान. यावलला त्यांचं खताचं दुकान आहे. आमचं गाव तिथून सायकलीच्या टप्प्यात. फोन दोघांनी बरोबरच घेतला होता, तोवर सगळं ठीक होतं. मग यावलला एसटीडी आलं. म्हणजे घरात बसून आकडे फिरवायचे की थेट सुरत, जिथे आमचा मुलगा असतो. आणि आमच्याकडे? आमच्याकडे जीवरामभाऊ. पोस्टाच्या मागच्या खोलीत ते बसायचे, त्यांच्याकडे ट्रंक कॉल नोंदवायचा आणि मग वाट बघायची. सकाळी नोंदवला तर संध्याकाळी लागेल, नाहीतर नाहीच लागणार. त्यात जीवरामभाऊंची काय चूक? तारच तशी, बिचारे काय करणार. पण हे त्यांच्यावरच डाफरायचे.

लागला तरी काय सुख होतं? पलीकडचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यामुळे हे असे ओरडायचे की अख्ख्या गल्लीला आमच्या घरची खबर. वर तीन मिनिटं झाली की जीवरामभाऊ मध्येच विचारणार, "नाना, वाढवायची का?" हे कशाला वाढवतील! ह्यांनी तर एक पाठच करून ठेवला होता. आधी पाऊस, मग केळी, मग गुरं, मग माणसं. एका दमात म्हणायचं आणि जीवरामभाऊंनी विचारायच्या आत फोन ठेवायचा. ठेवला की माझ्याकडे असं बघायचे, जशी काही कुस्तीच मारली.

आमचा निंबा सुरतेला मिलमध्ये. एकुलता एक. तो तिथून फोन करायचा कुठे? लागतो तिथे! दर रविवारी शालिग्रामभाऊजींकडे फोन, आणि मग भाऊजींचा निरोप दुधवाल्याबरोबर आमच्याकडे. "निंबा बरा हाये, खोकला होता, आता कमी हाये." झालं. त्या दिवशी ह्यांना जेवण गोड लागायचं नाही. "माह्या पोराचा खोकला, अन् माले दुधवाल्याकडून कयते!" मला वाईट वाटायचं नाही असं नाही. लताबाई, म्हणजे भाऊजींची बायको, माझी जाऊ, ती लग्नाकार्यात सगळ्या बायकांत बसून सांगायची, "आमच्या निंबाचा फोन आला की मी तर अर्धा तास सोडत नाही बाई." आमच्या निंबाचा! मी वरणात पळी अशी आपटायचे की शिंतोडे उडायचे.

पण खरा घाव बसला तो नातवाच्या वेळी. पहिलं बाळंतपण सूनबाईच्या माहेरी, पहूरला. रिवाज असा की माहेरच्यांनी आधी सासरी कळवायचं आणि गावात पेढे वाटायचे ते आजोबानं. आमच्या व्याह्यांनी जामनेरला जाऊन फोन केला, आमचा काही लागेना, म्हणून बिचाऱ्यांनी यावलला लावला. भाऊजींना आनंद झाला, त्यांनी तिथल्या तिथे पेढे मागवून बाजारभर वाटले. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, माणूसच तसा हौशी. पण हे त्याच दिवशी यावलला गेले होते, आणि स्टँडवरच्या चहावाल्यानं ह्यांच्या हातावर पेढा ठेवला. "घ्या नाना, आजोबा झाले तुम्ही!"

स्वतःच्या नातवाचा पेढा चहावाल्याच्या हातून! रात्री म्हणाले, "दुसऱ्या वेळी असं होऊ देणार नही. पयले माले कयेल."

दुसऱ्या वेळेची चाहूल लागली आणि इकडे आमच्या गावात थेट फोन लावता येईल असं नवं एक्सचेंज येणार अशी बातमी आली. ह्यांना दोन्ही गोष्टींचे दिवस भरत आल्यासारखे झाले. पोळ्याला सुरू होणार म्हणत होते. पोळा गेला. मग दसऱ्याला. दसऱ्याला सोनं वाटायला गेले ते आधी टेलिफोनच्या खोलीवर. तिथे एक कपाटाएवढं यंत्र आलं होतं आणि त्याच्यासाठी गार हवेची मशीन बसवली होती. "माणसाले पंखा नही, अन् त्या कपाटाले गारवा!" असं म्हणायचे आणि रोज बघून यायचे. केळीला पाणी मी द्यायचं आणि साहेबांनी तारा मोजायच्या. भाऊजी एकदा आले आणि सहज म्हणाले, "नाना, तोवर आमच्या फोनवरून बोलत जा ना." हे पानसुपारी पुढे करत म्हणाले, "आता काय, आमचंही येऊनच राह्यलं." भाऊजी गेल्यावर पान थुंकले. "दानधर्म करतो माह्यावर!"

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एकदाचं सुरू झालं. ह्यांनी फोनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. निंबाला पत्र टाकलं की आता थेट लागतं, यावलला लावायचं कारण नाही. घरात ताकीद दिली की फोनला कोणी हात लावायचा नाही. सूनबाईचे दिवस भरत आले होते, हे बाळंतपण सुरतेलाच होतं. हे केळीच्या कापणीलासुद्धा गेले नाहीत. फोनजवळ बाज टाकून बसले.

आणि एका सकाळी वाजला. मी चुलीपुढे होते. ह्यांनी झडप घातली आणि सुरू केलं, "हॅलो! निंबा! मी बोलतो! पाऊस बरा झालता! केयी बरी हाये! म्हैस व्याली, पारडी झाली! तुझी माय बरी हाये! सूनबाई बरी हाये ना? थोरला पोरगा बरा हाये ना? जेवत जाय टायमावर! ठेवतो!"

आणि ठेवला!

मी पिठाच्या हातानं बाहेर आले तर छाती फुगवून उभे. "पाह्यलं? थेट सुरत! अन् तीन मिनिटंही झाले नही."

"अहो, पण सूनबाईचं काय म्हने तो?"

"बरी हाये."

"तो म्हने?"

"मी इचारलं ना."

"तुम्ही इचारलं! पन त्यानं काय सांगतलं?"

ह्यांचा चेहरा उतरला. काय सांगणार, त्या पोराला तोंड उघडू दिलं असतं तर ना! म्हैस व्याल्याचं सुरतेपर्यंत पोचवलं, आणि तिकडचं ऐकायचं राहिलं. "करीन तो पुन्हा," म्हणाले आणि बसले. पण बसवेल तर शपथ! दर घडीला रिसीव्हर उचलून कानाला लावून बघायचे, फोन जिवंत आहे ना. मी ओरडले, "अहो, ठेवा तो! तुम्ही उचलून धरल्यावर त्याचा लागीन कसा?" ऐकतात कुठे!

थोड्या वेळानं वाजला. ह्यांनी उचलला आणि मला लांबूनसुद्धा आवाज ओळखू आला. शालिग्रामभाऊजी. "नाना, तुमचा फोन सारखा एंगेज! निंबानं किती वेळा लावला, शेवटी मला—"

"माले ठाव हाये!" हे गरजले. "माले पयलेच कयलं! निंबाचा पयला फोन माले आला!" आणि दाणकन ठेवला.

मला क्षणभर बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी विचारलं, "काय झालं मंग? नातू का नात?"

हे बाजेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. निंबा दवाखान्याजवळच्या कुठल्याशा दुकानातून बोलणारा, त्याला उलटा फोन लावायची सोय नाही. मी म्हटलं, "लावा भाऊजींले." म्हणाले, "मेलो तरी नही." आणि डोळे भरले हो माणसाचे. इतके महिने ज्या एका गोष्टीसाठी तारा मोजल्या, ती गोष्ट यावलला पोचली होती आणि ह्यांना माहीत नव्हती.

मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली. पीठ पदराला पुसलं आणि जन्मात पहिल्यांदा त्या फोनला हात लावला. लताबाईचा नंबर मला पाठ होता. इतकी वर्षं तिच्या तोंडून ऐकला होता.

"अगंबाई, अक्का! तुम्ही?" लताबाई म्हणाली. "पण नानांना तर आधीच कळलं म्हणे?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते मान खाली घालून बसलेले. मी म्हटलं, "हो गं, ह्यांनाच आधी कळलं. पण पुरुषांच्या सांगण्यात काय राम? तूच सांग बाई सगळं, पहिल्यापासून."

एवढं म्हणायची खोटी, लताबाई सुटली. नात झाली, पहाटे झाली, दोघी सुखरूप, डोकं भरून केस, आणि निंबा म्हणत होता की नाक अगदी नानांचं. हे कधी उठून आले कळलं नाही, माझ्या गालाशी गाल लावून रिसीव्हरला कान देऊन उभे होते. नाकाचं ऐकल्यावर त्यांचा हात आपसूक नाकाकडे गेला.

मी फोन ठेवला. ह्यांनी टोपीनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि म्हणाले, "पाह्यलं? कसा साफ आवाज येते तिचा! शालिग्रामले चांगली लाईन देली, अन् आपल्याले खराब."