बोरीच्या पानातला भुंगेरा

परवा बोरीच्या पानावर तो तपकिरी फोड दिसला. पान उन्हासमोर धरलं, तर दोन पापुद्र्यांच्या मध्ये एक चपटी, पिवळसर अळी हिरवा गर खात पुढे सरकत होती. एवढ्या पातळ जागेत तिचं सगळं बालपण जातं. मग पापुद्रा फोडून ज्वारीच्या दाण्याएवढा काटेरी भुंगेरा बाहेर येतो.

कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायचो, तेव्हा अशा फोडांना मी खुशाल करपा म्हणत असे. प्रयोगशाळा झाडणाऱ्या शेवंताबाई एकदा म्हणाल्या, "सर, रोग कसला? आत कुणीतरी राहतंय." त्यांनी ती पानं बरणीत ठेवली, तोंडाला फडकं बांधलं आणि भुंगेरा निघेपर्यंत रोज पाहत राहिल्या. तो कॉलेजच्या संग्रहातल्या काचेच्या पेटीत टाचणीला लावताना खालच्या चिठ्ठीवर, शोधणाऱ्याच्या जागी, मी माझं नाव लिहिलं.

परवा ते पान घेऊन मी तसाच त्यांच्या घरी गेलो आणि सगळं कबूल केलं. त्या हसल्या.

"ठाऊक आहे की, सर. त्या पेटीची काच रोज कोण पुसायचं? वाचता येतं मला."

आज संग्रहात जाऊन त्यांच्या नावाची चिठ्ठी लावली. टाचणीवरची जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही, असा आम्हा कीटक जमवणाऱ्यांचा नियम आहे. नवी तिच्याखाली जाते. त्यामुळे माझं खोटंही तिथेच राहील. राहू दे. पेटी उघडणाऱ्याने दोन्ही वाचावं.