चित्रातला धूर

इथल्या नोव्हेना भागातल्या दवाखान्यात लेकीसोबत नंबरची वाट बघत बसलो होतो, आणि समोरच्या भिंतीवर त्याच जुन्या डच रेखाचित्राची छापील प्रत दिसली. अफाट आभाळ, वाटेकडेला वठलेलं झाड, दूरवर एक घर आणि वाटेवर बोचकं घेतलेला नखाएवढा माणूस. इतका बारीक, की चेहरा दिसतोय की पाठ, तेच कळत नाही.

बाबा पुण्याहून महिनाभरासाठी आले होते, तेव्हा इथल्या म्युझियममध्ये ते याच चित्रासमोर थांबले. शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. एसीचा गारठा सोसेना म्हणून माझं जाकीट घालून काचेवर वाकले होते. "वठलेलं झाड म्हणजे मरण, वाट म्हणजे आयुष्य. काढतात निसर्ग, पण सांगतात आपल्याबद्दलच," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "हा जातोय की येतोय रे?"

"जातोय. बोचकं आहे ना."

"मग घरातून धूर कशाला काढलाय? कुणीतरी त्याच्यासाठी चूल पेटवलीय."

"बाबा, चित्र आहे ते," मी हसलो. त्याच आठवड्यात माझं पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मंजूर झालं होतं. काचेवर साचलेली आपल्या श्वासाची वाफ त्यांनी बाहीने पुसली आणि ते पुढच्या चित्राकडे वळले. ते माझ्याबद्दल विचारत होते, हे आज कळलं म्हणालो तर खोटं ठरेल. तेव्हाही कळलं होतं.

"ही इज गोइंग अवे, लाह," लेक चित्राकडे बघत इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली.

"नाही गं, येतोय. तो धूर बघ."

पुण्याच्या घराला कुलूप आहे. बाबांनंतर तिथला गॅस कुणी पेटवलेलाच नाही.