आभाळाची घंटा

या साइटवरचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. पण प्रत्येक वेळी वाचून झालं की "असेल काहीतरी कारण" म्हणते आणि लॅपटॉप बंद करते. भूत, चकवा, संकेत यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि मिनेसोटात, ईडन प्रेरीला, एका इन्शुरन्स कंपनीत काम करते. योगायोग म्हणजे काय आणि माणसाला त्यात अर्थ का दिसतो, हाच माझ्या रोजच्या कामाचा विषय. तरीही गेल्या जुलैमधल्या एका दुपारचा हिशोब मला लागत नाही... म्हणून लिहिते आहे.

आधी थोडं माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही जत तालुक्यातले. माझे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणतो – गावच्या शाळेत एकतीस वर्षं शिपाई होते. घंटा त्यांच्याकडे असायची. घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, व्हरांड्यात तारेनं टांगलेला, आणि तो बडवायला लोखंडी गज. मी त्याच शाळेत शिकले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आज जे काही आहे ते त्या माणसामुळे आहे, एवढंच सांगते.

आमच्याकडे पाऊस कमी, पण परतीच्या पावसात विजा फार. मी चौथीत असताना मैदानाच्या कडेच्या लिंबावर वीज पडली आणि खाली बांधलेली शेळी जागीच गेली. मुलं तेव्हा मैदानातच खेळत होती. त्यानंतर अण्णांनी हेडमास्तरांना विचारून एक वेगळी घंटा सुरू केली. तीन टोले लागोपाठ, मग जरा थांबून एक. पुन्हा तीन... एक. ती वाजली की मुलांनी असेल तिथून पळत वर्गात यायचं आणि मग एक लांब, सावकाश घंटा होईपर्यंत कुणी बाहेर पाऊल टाकायचं नाही. पोरं तिला आभाळाची घंटा म्हणायची. माझ्या माहितीत दुसऱ्या कुठल्या शाळेत अशी घंटा नव्हती. आता तिथे बटणाची बेल आहे. रुळाचा तुकडा कुठे गेला, कुणालाच माहीत नाही. आणि इतकी वर्षं त्या आवाजाच्या हातभर अंतरावर काढल्यामुळे अण्णांना आता कानातल्या मशीनशिवाय जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

गेल्या वर्षी अण्णा आमच्याकडे आले. जुलैमध्ये आम्ही चौघं – मी, नवरा प्रशांत, नऊ वर्षांची मुलगी मुक्ता आणि अण्णा – कोलोरॅडोला रॉकी माउंटन नॅशनल पार्क बघायला गेलो. पायथ्याच्या गावात एक केबिन घेतली होती. डोंगरमाथ्यावर दुपारी वादळं होतात, बाराच्या आत झाडांच्या रेषेखाली उतरा, असं तिथे प्रत्येक बोर्डावर लिहिलेलं असतं. मी ते वाचलं होतं. पण अण्णांची अंघोळ, पूजा, मग माझं दशम्या बांधून घेणं... निघायलाच साडेदहा झाले.

"आपण काय गिर्यारोहण करतोय का? गाडी थेट वर जाते," प्रशांत म्हणाला. तो नागपूरचा, त्याला कशाचीच घाई नसते.

निघताना अण्णांनी आपली भारतातून आणलेली लांब दांड्याची छत्री मुक्ताच्या हातात दिली. "डोंगरात जातीस, असू दे."

"आजोबा, इट्स सो सनी!"

"असू दे म्हटलं ना."

खरंच, ऊन लख्ख होतं. रस्ता चढत गेला तशी पाइनची झाडं बुटकी होत गेली, मग वाऱ्यानं एका बाजूला वाकलेली, आणि एका वळणानंतर झाडच नाही. नुसतं खुरटं गवत, दगड, मधे मधे जुन्या बर्फाचे पट्टे. बारा हजार फूट. सगळ्यात उंच भागाजवळच्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही गाडी लावली तेव्हा पाऊण वाजला होता.

अण्णा उतरले, दहा पावलं चालले आणि परत गाडीत बसले. श्वास लागला होता. ओठ मला जरा निळसर वाटले.

"मी हितंच बरा. तुम्ही या जाऊन."

"प्रशांत, तू थांब त्यांच्याजवळ. पाणी दे. दहा मिनिटांत बरं नाही वाटलं तर खाली घेऊन जाऊ."

"अगं हो यार. जा तुम्ही. घाबरवू नको त्यांना."

तिथून अर्ध्या मैलाची एक डांबरी पायवाट उघड्या माळावरून खडकांच्या एका सुळक्यापर्यंत जाते. आम्ही दोघीच निघालो. दोन्ही बाजूंना मुंगीएवढी निळी-पिवळी फुलं होती, जमिनीला चिकटून. दगडांत पायका नावाचे उंदरासारखे प्राणी तोंडात गवत घेऊन पळत होते आणि शिट्टीसारखं ओरडत होते. लांब बर्फाच्या पट्ट्यावर पंधरा-वीस एल्क, म्हणजे तिथली मोठी हरणं, बसली होती. मुक्ता छत्री काठीसारखी टेकत पुढे पळत होती. मला तिच्या वेगानं चालवत नव्हतं. छातीत धडधड, डोकं जड. सारखं मागे वळून गाडी दिसते का बघत होते.

अर्ध्याहून जास्त वाट झाली असेल. ऊन गेलं. म्हणजे ढग येताना दिसलाच नाही, सुळक्यामागून एकदम वर आला. वारा गार झाला. एल्क उठले आणि एका रांगेत, न धावता, उतारावरून खाली निघाले. पायकांच्या शिट्ट्या थांबल्या. ही शांतता माझ्या नंतर लक्षात आली. त्या वेळी एवढंच जाणवलं की काहीतरी कमी झालंय.

"मुक्ता! परत फीर!"

ती शंभर-दीडशे पावलं पुढे होती. "जस्ट टिल द रॉक, आई!"

"नाही! आत्ता!"

ती पळतच राहिली. मी पळायचा प्रयत्न केला आणि वीस पावलांत गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले. आवाज फुटेना. बारीक साबुदाण्यासारख्या गारा पडायला लागल्या. त्या अख्ख्या माळावर माझ्या मुलीहून उंच तो सुळका सोडून काही नव्हतं, आणि ती हातात लोखंडी दांडा घेऊन त्याच्याकडेच पळत होती.

तेव्हा घंटा झाली.

मागून. पार्किंगच्या बाजूनं. तीन टोले लागोपाठ, मग जरा थांबून एक. तीन... एक.

मला आश्चर्य वाटलं नाही, हे मला सगळ्यात विचित्र वाटतं. माझे पाय आपोआप वळले, चौथीतल्या मुलीसारखे. रुळाचाच आवाज. शेवटच्या टोल्यानंतर तो थरथरत राहायचा, तसाच थरथरला. मग भान आलं आणि मी मुक्ताकडे बघितलं. ती उभी राहिली होती. वळली. आणि माझ्याकडे जीव खाऊन पळत सुटली.

जवळ आली तेव्हा तिचे केस डोक्यापासून उठलेले होते. छत्रीतून माशी गुणगुणावी तसा आवाज येत होता.

"टाक ती!" मी ओरडले. तिनं टाकली. तिचा हात धरून मी वाकून चालत, पळत राहिले. घंटा चालूच होती... कधी थांबली ते सांगता येत नाही. आम्ही गाडीपासून पन्नासेक पावलांवर असताना मागे सगळं पांढरं झालं. उजेड आणि आवाज एकदमच. वीज सुळक्यावर पडली की पलीकडच्या उतारावर, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

प्रशांत दार उघडून उभा होता, चेहरा उतरलेला. आत बसलो, दारं लावली.  मी मुक्ताला धरून एकच विचारलं, "मी दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा का नाही थांबलीस?"

"आय डिडन्ट हिअर यू. आय हर्ड द बेल."

"कसली बेल?" प्रशांत म्हणाला. "मला तर वाऱ्याशिवाय काही ऐकू नाही आलं. पण अण्णापण घंटा वाजतेय म्हणाले."

अण्णा पुढच्या सीटवर ताठ बसले होते. प्रशांतनं सांगितलं, त्यांचा डोळा लागला होता आणि ते एकदम दचकून उठले. म्हणाले, "प्रशांतराव, टोल पडतायत. पोरं आत घ्या." तो म्हणाला, "अण्णा, वारा आहे तो." तर ते दार उघडून बाहेर पडायला लागले. म्हणून तो आम्हाला बघायला उतरला.

अण्णांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. "सगळी आली का?"

"आलो, अण्णा."

"कोण देत होतं गं टोल? हात माझ्यासारखाच होता."

 तेवढ्यात मुक्तानं खिडकीच्या काचेवर बोटानं वाजवलं. तीन लागोपाठ, एक थांबून. "लाइक धिस," ती म्हणाली. "इट मेन्ट गो इनसाइड."

"तुला कुणी सांगितलं?"

"नोबडी. इट जस्ट मेन्ट दॅट."

मी तिला त्या घंटेबद्दल कधी सांगितलं नव्हतं. शाळेच्या गोष्टी सांगितल्या असतील, पण टोले वाजवून दाखवलेले मला आठवत नाहीत. अण्णांनीही नाही. संध्याकाळी केबिनवर परतलो तेव्हा अण्णांच्या कानातलं मशीन जेवणाच्या टेबलावर डबीत होतं. सकाळी अंघोळीला काढलेलं, तसंच.

दुसऱ्या दिवशी मी व्हिजिटर सेंटरमधल्या रेंजर बाईंना भेटले. छत्री कुणीतरी आणून दिली होती. तिला काहीही झालेलं नव्हतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. वीज पडण्याआधी धातू गुणगुणतो, केस उभे राहतात, म्हणाल्या. वाऱ्यात बोर्डाचे खांब वाजतात. एवढ्या उंचीवर डोक्याला प्राणवायू कमी पडला तर भासही होतात. हे सगळं मला पटतं. पण एकच भास दोघींना, तोही टोल्यांसकट? आणि गाडीत बंद काचेआड बसलेल्या, ऐकू न येणाऱ्या माणसाला? त्यावर त्या म्हणाल्या, "यू टर्न्ड अराउंड. दॅट्स व्हॉट मॅटर्स."

असेलही. अण्णा सप्टेंबरमध्ये परत गेले. फोनवर ते एकदाही त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत. फक्त फोन ठेवताना विचारतात, "तिकडं आभाळ आलंय का?"

माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. पण मला काळजी त्या दिवसाची नाही, नंतरची आहे.

या मे महिन्यात मुक्ताच्या सॉकर प्रॅक्टिसला ढग आले. कोचनं सगळ्यांना शेडमध्ये घेतलं. अर्ध्या तासानं ऊन पडलं, मुलं ओरडत मैदानात गेली. मुक्ता बाकावरच बसून राहिली. मी जवळ जाऊन म्हटलं, "जा ना, थांबला पाऊस."

तिनं मान हलवली. मैदानाकडे नाही, लांब कुठेतरी बघत होती.

"नॉट यट, आई. द लाँग वन हॅजन्ट रंग."

त्या लांब घंटेबद्दल मी तिला आजवर एक शब्दही सांगितलेला नाही. नेहमीसारखी रात्र पडायची वाट न बघता मी तिथूनच अण्णांना फोन लावला. तिकडे पहाट होती.

"अण्णा, मुक्ताला तुम्ही लांब घंटेचं सांगितलं होतं?"

"न्हाई गं." मग त्यांनीच विचारलं, "झाली का ती तिकडं?"

"नाही."

"मग बसू दे तिला आत," ते म्हणाले.

मी मुक्ताशेजारी बाकावर बसले. मैदानात ऊन होतं. आम्ही दोघी कान देऊन ऐकत होतो.