मडगार्डवर बसणारे मिस्त्री

उभ्या गाडीचं दुखणं आमचे मिस्त्री कधी ऐकून घेत नसत. खोपोलीत घाटाच्या पायथ्याशी, एका चिंचेखाली त्यांची पत्र्याची शेड होती. कुणी गाडी आणून तक्रार सांगू लागला की ते हात पुसत म्हणत, "इथं ती बरीच दिसणार. जिथं दुखतं तिथं न्या मला." आणि खरोखरच बॉनेटची बाजू उघडी टाकून डाव्या मडगार्डवर चढून बसत, हातातल्या पान्याने पत्र्यावर ठोकत, चल म्हणून.

ते मूळचे किनाऱ्यावरच्या गावचे, मुसलमान. तरुणपणी बोटीच्या इंजिनखोलीत राबलेले. माझं त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून वाकडं, कारण मी घासाघीस करून वर आलेला माणूस. बैलगाडीने भाताची पोती वाहत होतो, तिथून लॉरीपर्यंत पोचलो तो तोंडाच्या जोरावर. मिस्त्रींपुढे मात्र ते तोंड चालेना. मी आकडा खाली आणू लागलो की ते शांतपणे म्हणत, "शेट, भाव भाताचा करा. मला चहा सांगा." मला राग यायचा, आणि मी चहा सांगायचो.

लढाईचे दिवस होते. नवी लॉरी मिळत नव्हती, जुनीचे भाग मिळत नव्हते. माझी लॉरी कर्जतहून खोपोलीपर्यंत शहाण्या बैलासारखी यायची आणि घाटात तिसऱ्या वळणावर रेडिएटर उकळून उभी राहायची. लोणावळ्याच्या व्यापाऱ्याने बजावलं होतं, आणखी एकदा तांदूळ उशिरा आला तर दुसऱ्याची लॉरी लावीन. कर्जतच्या फिटरने पंख्याचा पट्टा बदलला, रेडिएटर धुतला. काही उपयोग झाला नाही. मग मी ड्रायव्हरला धरलं. दगडू भिसेगावचा, मान खाली घालून ऐकून घेणारा. "तूच गिअर चुकीचा टाकतोस. पुन्हा उकळली तर घरी बस," असं मी त्याला चारचौघांत सुनावलं. त्याच्या घरी खाणारी तोंडं किती होती, हे मला ठाऊक होतं.

शेवटी मिस्त्रींकडे गेलो. ते मडगार्डवर, मी आत दगडूशेजारी. दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणाच्या चढावर दगडूने जोर वाढवला तसे मिस्त्री ओरडले, "तसाच धर रं, दगडू! सोडू नको! शेट, उतरा, या, बघा!"

भरलेली लॉरी माणसाच्या चालीने चढत होती. मी उडी मारून तिच्या बाजूने चालू लागलो. रेडिएटरच्या तळातून इंजिनाकडे पाणी नेणारी रबरी नळी, बिडीचा झुरका घेताना गाल आत जावेत तशी आत ओढली जाऊन चपटी झाली होती. पाणी जाणार कुठून? दगडूने गाडी थांबवली आणि नळी पुन्हा गोल, जसं काही झालंच नव्हतं.

"रबर मऊ हाय," मिस्त्री म्हणाले. "चढावर पंप जोरात ओढतो, तेव्हा टिकत नाय. उभ्या गाडीत कुणाला दिसणार?"

गाडी थंड करून, हळूहळू उतरवून आम्ही शेडपाशी आलो. चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते. मिस्त्रींनी नळी काढली, हातात दाबून पाहिली. "असला माल कुणी आणला?"

ती नळी मी आणली होती, मुंबईच्या जुन्या बाजारातून, अर्ध्या भावात, आणि महिनाभर तिची फुशारकी मारली होती. मी चिंचेच्या शेंड्याकडे बघू लागलो. दगडू अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "मीच आणली, मिस्त्री."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "मग याला आजच काढा, शेट. गाडी मी नंतर बघतो." बोलताना ते दगडूकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"मी आणली!" मी ओरडलो. "मी! झालं समाधान?"

"झालं," मिस्त्री म्हणाले. "दगडू, तार आण रं."

जाड तार त्यांनी पहारीवर गुंडाळली आणि तिचं वेटोळं नळीत आतून बसवलं. नळीला बरगड्या आल्या. त्याच दुपारी लॉरी कुठेही न उकळता लोणावळ्याला पोचली. व्यापारी टिकला, दगडू टिकला. मी मात्र मिस्त्रींशी बोलणं टाकलं.

माझी तक्रार आजही आहे. बाजूला घेऊन विचारलं असतं तर मी कबूल केलं नसतं का? कदाचित नसतं केलं. पण चार ड्रायव्हरांपुढे? दीड वर्ष आम्ही त्या शेडवरून जात होतो. लॉरीचा आवाज ओळखून मिस्त्री बाहेर येत, हात वर करत. दगडू हॉर्न वाजवी. मी समोर बघत असे.

एक दिवस शेडला कुलूप दिसलं.

"मिस्त्री गावाला गेले," दगडू म्हणाला. "डोळ्यांना दिसत नाय आता त्यांच्या. काल मला भेटून गेले."

"मला काही म्हणाले?"

"शेटना सांग म्हणाले, नवी नळी मिळाली तरी आतली तार काढू नका."

"आणखी?"

"आणखी काय नाय."

लढाई संपली, नवं रबर आलं. नळी बदलली, तार तीच ठेवली. तिसऱ्या वळणावर माझी नजर अजून डाव्या मडगार्डवर जाते. शेड आली की दगडू सवयीने हॉर्न वाजवतो आणि मी हात वर करतो. बाहेर कुणी नसतं. जाण्याआधी त्यांनी एकदा रस्त्यात आडवं येऊन लॉरी थांबवायला हवी होती. मी भांडलो असतो, खूप भांडलो असतो. पण तेवढ्यासाठी तरी त्यांच्याशी बोललो असतो.