आधी माझ्या हातावर

आमच्या पुसेगावात शिला येती ती स्कुटीवर, पायापाशी स्टीलचा डबा ठेवून. डब्यात साखर-लिंबाचं घरी केलेलं वॅक्स, जुन्या सुती साडीच्या पट्ट्या न् पावडर. हिंगोलीला एका पार्लरात झाडू मारता मारता शिकली, आता लग्नसराईत घरोघर जाऊन पोरींचे हात-पाय करती. तोंडानं फटकळ, पण हात हलका. पोरगी ओरडंल म्हणून दाराशी थांबलेली माय आत डोकावती, तर पोरगी आपली गप्पा मारून राहिलेली असती.

तिच्या अटी फार. आधी कोमट पाण्यानं अंघोळ, मग अंग कोरडं करून पावडर. वॅक्स पहिल्यांदा स्वतःच्या हातावर लावणार, मगच पोरीच्या. लावायचं केसाच्या वळणानं, कातडी ताणून धरायची न् पट्टी उलटी ओढायची, अंगालगत. वर उचलून ओढली की रक्त निघतं म्हणे. झाल्यावर थंड पाण्याचं फडकं, थोडं खोबरेल, सैल कपडे. आन् दोन दिवस काही चोळायचं न्हाई, साबण न्हाई, हळद तर मुळीच न्हाई. हळदीच्या ह्या हिंगोलीत राहून हळदीला नावं ठेवणारी तू पहिलीच, असं मी तिला तोंडावर म्हणलं होतं. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक हाय.

मे महिन्यात माझी पुतणी प्रियदर्शनी, तिचं लग्न निघालं. हळदीच्या दोन दिवस आधी सकाळी शिला येऊन काम करून गेली. पोरीचे पाय जरा लाल झाले होते. संध्याकाळपर्यंत उतरंल, हात लावू नका, एवढं सांगून ती गेली.

पण मी काकू ना! मला कुठं दम. जाऊबाई पत्रिका वाटायला गेल्या होत्या. मागच्या शेडात ओली हळद पडली होती, ती आणली, पाण्यातून काढली, पाट्यावर वाटली न् लाली उतरावी म्हणून पोरीच्या पायाला चोळली. वाटताना उग्र वास आला. पोत्याचा असंल म्हणलं. माझे तळवे चुरचुरले, तर म्हणलं सकाळच्या मिरच्या असतील.

तासाभरात प्रियदर्शनी रडत बाहेर आली. तिचे पाय बघवत न्हवते. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लालभडक, न् त्यावर फोड. तेवढ्यात जाऊबाई घरी आल्या. शिलाला फोन गेला. ती येईपर्यंत अंगणात अर्धी गल्ली जमली, न् सगळ्यात मोठा आवाज माझा. पोरगी जाळलीस, आता तुला कोण दारात उभं करंल ते बघते, असं काय काय बोलले मी. लग्न ठरलेल्या दोन पोरींच्या आयांनी तर तिथंच सांगून टाकलं, आमच्याकडं येऊ नको. तिचं पोट त्या डब्यावर होतं, ते कामच सगळ्यांसमोर हातचं चाललं होतं.

शिला मागं सरली न्हाई. तिनं मनगट पुढं केलं. सकाळी तेच वॅक्स तिनं तिथं लावलं होतं, तिथं काहीच न्हवतं. मी गेल्यावर पायाला काय लावलं, असं तिनं पोरीला विचारलं. प्रियदर्शनीनं माझ्याकडं बघितलं न् मान खाली घातली. हळद लावली, एवढंच ती बोलली. वाटीत थोडी उरली होती. शिलानं ती मागून घेतली, पायरीवर बसून स्वतःच्या हाताचे चार केस पट्टीनं ओढले, न् तिथं रुपयाएवढी हळद लावली.

"जे पोरीला, ते आधी माझ्या हातावर," ती म्हणाली.

दहा मिनिटं झाली नसतील. तिच्या हातावर लाल चकंदळ उठलं, मग फुगलं. शेतातून आलेले पोरीचे वडील, हरीश भाऊजी, वाटी नाकाशी नेऊन थबकलेच.

"ही कुणी आणली? हे लावणीचं बेणं हाय. कीड लागू नये म्हणून औषधात बुडवलेलं."

मे महिन्यात घरात ओली हळद दिसली तर ती बेण्याचीच, हे मला कळू नये? पंचवीस वर्षं गेली माझी हळदीत!

शिलानं पोरीला मोरीत नेलं न् बादलीवर बादली ओतली. मग माझ्याकडं आली. माझे पिवळे, सुजलेले तळवे तिनं कवाचेच बघितले होते. तिनं साबण माझ्या हातात ठेवला.

"काकू, तुमीबी धुवा," हळूच म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी साबण तसाच धरून गल्लीकडं तोंड केलं. "मी वाटली," म्हणलं. "माझ्या हातानं. हिचा काही दोष न्हाई."

हिंगोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, लवकर धुतलं म्हणून निभावलं. लग्न ठरल्या दिवशी लागलं. हळद मात्र देवापुढं पाटावर वाहिली, पोरीच्या अंगाला लावली न्हाई.

शिला अजून येती, त्याच स्कुटीवर, न् वॅक्स आधी आपल्याच हातावर लावती. त्या हातावर रुपयाएवढा काळा डाग राहिला हाय. पोरी विचारतात, हे कशानं झालं. ती काहीच सांगत न्हाई. मग तिथं मी असले तर मी सांगते.