मॉलमधलं पोर्तो

रियाधमध्ये चालणं हा व्यायामाचा प्रकार आहे, जाण्यायेण्याचा नव्हे. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दही आणायचं झालं तरी आम्ही गाडी काढतो. त्यामुळे नवऱ्याचा घोटा मोडला तेव्हा सुरुवातीला घरात फारसं काही बदललं नाही. मोबाइलमध्ये डोकं घालून ऑफिसच्या पायऱ्या उतरल्याचं ते फळ. प्लास्टर चढलं, यथावकाश निघालं, आणि डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता रोज चाला. इथे गाडं अडलं. स्वारी सोफ्यावरून हलेना.

"ऑफिसचं काम घरून होतंय," तो म्हणायचा. "आणि आपलं फिरणं आता खलास."

हे तो हसत हसत सांगायचा, मला मात्र हसू यायचं नाही. आमचं दोघांचं एरवी एकाही बाबतीत पटत नाही. चहात साखर किती, एसी किती, कुणाकडे जेवायला जायचं, सगळ्यात मतभेद. पण परक्या गावात सकाळी पायात बूट चढवले की आमचं सूत जुळतं. तेच खलास झालं तर पुढची वर्षं एकमेकांकडे बघत काढायची की काय, या विचारानेच मला घाबरायला व्हायचं.

मी त्याला आळशी म्हणून टोचायला सुरुवात केली. शेवटी लेकीने मला स्वयंपाकघरात गाठलं. ती बारावीत आहे आणि माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते. "आई, ही इज नॉट लेझी. ही इज स्केअर्ड," ती म्हणाली. मग मी नीट पाहिलं. हा बाथरूमलासुद्धा भिंतीला हात लावत जात होता.

म्हणून मी त्याला मॉलमध्ये नेलं. दुकानं उघडण्याआधी इथे बरेच जण चालायला येतात. आत गारवा, पायाखाली सपाट फरशी, पायघोळ काळ्या अबायाखाली पांढरे बूट घालून झपझप जाणाऱ्या बायका. नवऱ्याने चार दुकानं जेमतेम ओलांडली आणि बाक गाठला.

"बंद शटरं काय बघायची," तो म्हणाला. "चालावं तर पोर्तोत."

पोर्तो हे पोर्तुगालमधलं जुनं, नुसत्या चढउतारांचं गाव. घोटा मोडायच्या दोन वर्षं आधी आम्ही ते पायी पालथं घातलं होतं.

"मग पोर्तोतच आहोत असं समज," मी म्हटलं. "हॉटेलातून बाहेर पडलो. कुठे वळायचं?"

"डावीकडे."

"उजवीकडे. निळ्या फरशांच्या भिंतीचं चर्च उजव्या हाताला होतं."

"अगं, डावीकडे. उजवीकडे तू नेलं होतंस, आणि आपण कुणाच्या तरी अंगणात, वाळत घातलेल्या चादरींत जाऊन अडकलो होतो."

नवरा मूळचा रत्नागिरीचा. वाद अर्धवट टाकणं त्याच्या रक्तात नाही, आणि बसून वाद घालणं त्याला जमत नाही. तो उठला आणि डावीकडे कसं वळलो ते दाखवायला चालू लागला. मी मुद्दाम उजवीकडेच अडून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून तो रोजचा खेळ झाला. अत्तराच्या दुकानाला आम्ही चर्च ठरवलं, कॉफीच्या दुकानापाशी नदी आणली. लहान मुलांच्या कपड्यांपाशी माशांच्या डब्यांचं ते दुकान आलं, तेव्हा मात्र दोघांनाही एकच गोष्ट आठवली आणि आम्ही भर मॉलमध्ये खिदळलो.

पोर्तोतलं ते दुकान म्हणजे सराफाची पेढी वाटावी असं. लाकडी कपाटं, पिवळे दिवे, रंगीत चित्रांचे डबे. आत काय, तर तारली. "आमच्याकडे तारली पाटीत येते आणि मांजरं मागे फिरतात," नवरा म्हणाला, "इथे हिला शोकेसमध्ये बसवलीय." पोर्तोची प्रसिद्ध वाइन रियाधला आणता येत नाही, म्हणून आम्ही भेट म्हणून तारलीच न्यायचं ठरवलं. निवांत डबे बघत होतो, तेवढ्यात शेजारच्या चर्चची घंटा घणघणू लागली.

झालं. आम्ही एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. "यल्ला, चल, बंद होईल," एवढंच मी म्हणाले, आणि दोघांनी हाताला लागतील ते डबे कवटाळून गल्ल्याकडे धाव घेतली. रियाधमध्ये आमची कितीतरी वर्षं अशीच गेली होती. अजान झाली की शटर खाली, आणि आत अडकायचं नसेल तर पटकन पैसे देऊन बाहेर. अलीकडे इथेही नमाजाच्या वेळी दुकानं उघडी राहतात, पण ते आमच्या पायांना कुणी सांगितलेलं नाही. गल्ल्यावरच्या बाई घाबरून आमच्या मागे बघू लागल्या, कुणी पाठलाग करतंय का म्हणून. घंटा थांबली, दुकान उघडंच राहिलं, आणि आम्ही नको त्या चवीची तारली घेऊन रस्त्यावर उभे.

अशा आठवणी उकरत उकरत नवरा मॉलची पूर्ण फेरी मारू लागला. भिंत सुटली. फक्त एक गोष्ट तो टाळायचा. मॉलच्या टोकाला वरच्या मजल्यावर जाणारा रुंद जिना आहे, आणि तो जवळ आला की याला लगेच घरची आठवण व्हायची. पायऱ्यांनीच दगा दिला होता, त्यामुळे मी काही बोलत नव्हते. पण असं किती दिवस चालणार?

एके सकाळी मी जिन्यासमोर थांबले. "हा चर्चचा मनोरा," मी म्हटलं. "शेवटच्या दिवशी माझे पाय सोलले होते म्हणून मी खाली बसले आणि तू एकटा वर गेलास. आज पुन्हा जा."

या मनोऱ्याचं वर्णन रियाधमधल्या आमच्या सगळ्या मित्रमंडळींना पाठ आहे. वरून दिसणारी लाल कौलं, नदीचं वळण, पूल, लांबवर समुद्र. प्रत्येक जेवणात नवरा ते सांगतो, आणि प्रत्येक वेळी मला वर न गेल्याची हळहळ वाटते.

तो कठड्याला धरून उभा राहिला.

"मी वर गेलोच नव्हतो," तो म्हणाला.

"काय?"

"जिना अरुंद होता. गोल गोल. वरून माणसं उतरत होती. पहिल्याच वळणावर माझी टरकली. मग मागच्या गल्लीत बसून कस्टर्डचे दोन पेढे खाल्ले आणि परत आलो."

"पेढे नाहीत, टार्ट आहेत ते. आणि लाल कौलं? समुद्र?"

"खाली पोस्टकार्डं विकायला होती ना."

मला आधी संताप आला. दोन वर्षं मी एका पोस्टकार्डासाठी झुरत होते. मग इतकं हसू फुटलं की मी पायरीवरच बसले. तोही हसला, पण डोळे जिन्यावर होते.

"तेव्हा दोन्ही पाय धड होते तरी घाबरलो," तो म्हणाला. "मला ते खरंच बघायचं होतं गं."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. त्याने चांगला पाय पहिल्या पायरीवर ठेवला. मी मागे उभी राहिले. पडलाच तर त्याला पेलणं मला शक्य नव्हतं, तरी उभी राहिले. एक पायरी, थांबा. दुसरी, थांबा. मधल्या सपाटीवर त्याने कपाळ पुसलं आणि मी काही बोलायच्या आत पुढे निघाला.

वर फूड कोर्ट होतं. टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या, एक माणूस फरशी पुसत होता. बघण्यासारखं काहीही नाही. नवरा धापा टाकत कठड्यापाशी गेला आणि खाली वाकून पाहत राहिला.

"युरोपच्या व्हिसाला किती आधी अर्ज करावा लागतो?" त्याने विचारलं.

मला इतका आनंद झाला की लगेच घरी जाऊन बॅगा भरायला घ्याव्यात असं वाटलं. तो उत्तराची वाट बघत होता.

"आधी खाली उतर," मी म्हटलं. "दुखरा पाय पुढे."